कानटोपीतला कंट्रोलर

रविवार, १५ नोव्हेंबर २०२०

आजपासून रोजनिशी. मोठ्या प्रोजेक्टची नोंद ठेवलेली बरी, उद्या कोणी विचारलं तर पुरावा हाताशी असावा. कोणी विचारणार नाही म्हणा, कारण ही वही कोणाला दाखवायची नाहीये.

काल लक्ष्मीपूजन. संध्याकाळी नागपूरला बाबांशी व्हिडिओ कॉल. त्यांच्या मागे गॅलरीत दिव्यांची माळ दिसत होती, एकूण एक दिवा चालू. बाबा वीज मंडळातून फोरमन म्हणून रिटायर झाले. वय चौऱ्याहत्तर. माळ लावायला अजून स्वतः स्टुलावर चढतात. मी सहज बोलून गेलो की इथे आयर्लंडात, आमच्या मलिंगारला, डिसेंबरात सगळे लोक घरावर रोषणाई करतात, यंदा आपल्या घराची सगळ्यात भारी असणार आणि ती मी स्वतः करणार.

बाबा म्हणाले, "तू?"

एवढंच म्हणाले.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. चौऱ्याण्णव साली गणपतीच्या मांडवात मी दोन वायरी जोडल्या आणि ऐन आरतीत आख्ख्या गल्लीचे दिवे गेले. बाबांनी खांबावर चढून ते परत आणले आणि खाली उतरल्यावर सगळ्या मंडळासमोर जाहीर केलं की या पोराला यापुढे वायरला हात लावू द्यायचा नाही. तेव्हापासून मी लावलेला नाही. घरातले बल्बसुद्धा माझी बायको पद्मिनी बदलते. ती इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, तिचा हात स्थिर असतो.

आणखी एक नोंद. बाबांनी मला आजवर एकदाही "छान" म्हटलेलं नाही. दहावीच्या निकालाला नाही, इंजिनिअर झालो तेव्हा नाही, आयर्लंडची नोकरी लागली तेव्हा नाही. मला त्याचं काही नाही. पण चोवीस डिसेंबरला दिवे लागले की म्हणावंच लागेल. दुसरा शब्दच नाही.

अडचण एकच. इथे डिसेंबरात मिट्ट काळोख होतो पावणेपाचला, म्हणजे नागपूरला सव्वादहा. आई गेल्यापासून बाबा नऊला झोपतात. तसं त्यांना म्हटलं तर म्हणाले, "जागीन ना. मला कुठं उद्या ड्युटी आहे."

मे महिन्यात ते इथे येणार होते. तिकीट होतं, विमान नव्हतं.

गुरुवार, २६ नोव्हेंबर. दुपारी १.३०

कंट्रोलर आला! आठ चॅनेल, तीनशे पिक्सेल दिवे, प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो. खोक्यावर ठळक छापलंय: उणे चाळीस अंशापर्यंत चालतो. कॅनडातल्या लोकांसाठी बनवलेला आहे.

पद्मिनीने विचारलं की मलिंगारला उणे चाळीस कधी झालं होतं. मी म्हटलं, तयारी वाईटातल्या वाईटाची ठेवायची. ऑफिसात मी रिलायबिलिटी टीमचा लीड आहे. लोकांच्या सिस्टिम बंद पडू नयेत म्हणून मला पगार मिळतो. ती म्हणाली, बरं, आणि झोपायला गेली. नाइट ड्युटी होती.

शनिवार, २८ नोव्हेंबर

डिझाइन डॉक्युमेंट तयार. चौदा पानं. छतावर मोठा आकाशकंदील, म्हणजे त्याच दिव्यांत दिवाळी पण आणि ख्रिसमस पण. प्रोग्रॅम चारशे ओळींचा. रंग आधी लाल, मग हिरवा, मग मोरपंखी, मग कारंजी उडाल्यासारखा एक इफेक्ट. धोक्यांच्या यादीत बावीस धोके लिहिलेत. त्यातला पहिला: थंडी. दुसरा: थंडी आणि पाऊस.

संकल्प: १. वायरला हात लावण्याआधी सगळं वाचायचं. २. पद्मिनीची मदत घ्यायची नाही. ३. बाबांना आधी काही विचारायचं नाही. विचारलं की त्यांचंच होतं.

मंगळवार, ८ डिसेंबर

इथे आठ डिसेंबर हा सजावट लावायचा दिवस. शेजारच्या नोरीनबाईंनी आज दिवे लावले. वय एकाहत्तर, नवरा नाही, मुलगा दूर लेटरकेनी गावात. एकच माळ, पिवळी, कुंपणावर टाकलेली. एक जुना गोल टायमर आहे, त्यावर आइस्क्रीमचा रिकामा प्लास्टिकचा डबा पालथा घातलेला. डब्याच्या खालच्या बाजूने वायर बाहेर. संपूर्ण यंत्रणा एवढीच.

मी कुंपणाच्या अलीकडून, दोन मीटर अंतर राखून, विचारलं की सेफ्टी ऑडिट करून देऊ का. नोरीनबाई म्हणाल्या की सत्याण्णव सालापासून चालू आहे, ग्रँड आहे. मी विचारलं, कडक थंडीत काय करता? म्हणाल्या, आत बसते.

त्यांना विज्ञानाची फारशी आवड नसावी.

शनिवार, १२ डिसेंबर. संध्याकाळी ६.२०

बसवला! कंट्रोलर पोर्चमध्ये, माळा छताच्या कडेला. शिडीवर मी, खाली शिडी धरायला पद्मिनी. शिडी धरणं ही मदत नव्हे. संकल्प दोन शाबूत आहे.

पावणेपाचला स्विच टाकला. लागले! तीनशेच्या तीनशे! आकाशकंदील ओळखू येत होता. स्वरांगी म्हणाली, "डॅड, दॅट्स अ कॅबेज." नऊ वर्षांची आहे, आकाशकंदील रोज पाहण्यातला नाही तिच्या. तरी टाळ्या वाजवल्या तिने.

चाळीस मिनिटं उत्तम चालला. मग मी बंद केला. पहिल्याच दिवशी फार ताण नको, बाहेर उणे दोन होतं.

बाबांना फोन केला नाही. चोवीसचं ठरलंय तर चोवीसलाच.

रविवार, १३ डिसेंबर. सकाळी ८.००

कंट्रोलरवर दव गोठलेलं. स्क्रीनवरचे आकडे रेंगाळतायत. आठचा नऊ व्हायला चार सेकंद लागले.

हे माझ्या लक्षात आलं म्हणून वाचलं. रात्रभर बाहेर ठेवणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. आपल्याकडे थंडीत कोणी दुचाकीसुद्धा उघडी ठेवत नाही. निर्णय: रोज संध्याकाळी खेळ झाला की काढून आत आणायचा. जागा: वरच्या मजल्यावरचं हॉट प्रेस. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. टॉवेल तिथे उबदार राहतात, तर कंट्रोलर का नाही?

सोमवार, १४ डिसेंबर

रात्रभर हॉट प्रेसमध्ये, दोन टॉवेलांच्या मध्ये. दुपारी चारला बाहेर नेला. पंधरा मिनिटांत स्क्रीनच्या आतून पाण्याचे थेंब. चालू केला तर फक्त अर्धा आकाशकंदील.

थंडीने हे झालं. गरम ठिकाणाहून एकदम गारठ्यात गेला, बिचारा बावरला. उपाय: बाहेरही ऊब हवी.

पद्मिनीचा टॉवेल ओला झाला असं तिचं म्हणणं. टॉवेल हा मुद्दा नाहीये.

बुधवार, १६ डिसेंबर

तोडगा सापडला, आणि तो स्वयंपाकघरात सापडला. तांदळाचा स्टीलचा डबा. दहा किलोचा, घट्ट झाकणाचा, नागपूरहून विमानाने आणलेला. पाणी आत जाणार नाही, वारा जाणार नाही. तांदूळ तीन भांड्यांत काढले. डब्याच्या आत गोधडीचा तुकडा, मध्ये कंट्रोलर. वायरीसाठी झाकणाला फट ठेवून सगळीकडून चिकटपट्टी, अकरा फेरे.

कॅनडावाल्यांना हे सुचलं नसतं.

संध्याकाळी ५.१०

कंट्रोलर नेटवर्कवर दिसत नाही. वायफाय गायब. लॅपटॉप पोर्चमध्ये नेला, तरी नाही. ब्रॉडबँड कंपनीला फोन. पन्नास मिनिटं एकच ट्यून. मग एक बाई म्हणाली की तिच्या बाजूने सगळं ठीक दिसतंय. मी म्हटलं, तुमच्या बाजूने दिसतंच.

शुक्रवार, १८ डिसेंबर

बाबांचाच फोन आला, पावणेपाचला. म्हणाले, रंगीत तालीम असेल ना, म्हटलं पाहून घेऊ. स्वेटर घालून खुर्चीत बसलेले, मागे भिंतीवर आईचा फोटो. दिवे लागलेले नव्हते. मी सांगितलं की ब्रॉडबँडचा प्रॉब्लेम आहे.

बाबा म्हणाले, डबा दाखव. दाखवला. म्हणाले, जवळ आण. आणला. चिकटपट्टीच्या वर कोरलेलं नाव वाचलं त्यांनी, मोठ्याने: सौ. रेवती बा. वैरागडे, १९८७. घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आईने बारा डबे घेतले होते आणि सगळ्यांवर नाव घालून घेतलं होतं. दुकानदार एका अक्षराला चार आणे मागत होता, तर आईने "बाळासाहेब" पूर्ण न घालता नुसता "बा." घालायला सांगितला, असं बाबांनी सांगितलं. हे मला माहीत नव्हतं. विषयही नव्हता.

मग म्हणाले, "काहून कोंडून राहिला त्याला? लोखंडाच्या डब्यात रेडिओ वाजते का कधी?" मी म्हटलं, हा रेडिओ नाही बाबा, वायफाय आहे.

बावीस मिनिटं बोलले.

संध्याकाळी ७.००

सहज प्रयोग म्हणून झाकण काढलं. वायफाय आलं. योगायोग असावा.

सोमवार, २१ डिसेंबर

वर्षातला सगळ्यात लहान दिवस. झाकण काढलं तर वायफाय येतं पण थंडी शिरते. दोन्ही साधायला हवं. स्वरांगीची लोकरीची कानटोपी आणली, ती तीन वर्षांची असताना माझ्या आईने विणून पाठवलेली. कंट्रोलरला बरोबर बसली. जिथे कान बाहेर येतात तिथून वायरी बाहेर. डब्यात बाजूला गरम पाण्याची पिशवी, दर दोन तासांनी पाणी बदलायचं.

ऑफिसच्या मीटिंगमधून दोनदा उठलो पिशवीसाठी. कॅमेरा बंद ठेवला.

नोरीनबाईंनी कुंपणापलीकडून बघितलं आणि विचारलं की आत कोणी लहान जीव आहे का. मी कंट्रोलर आहे असं सांगितलं. म्हणाल्या, गॉड लव्ह हिम.

स्वरांगी शाळेतून येताना रोज मोजते. इस्टेटमध्ये, म्हणजे आमच्या वसाहतीत, एकतीस घरं, तीस लागलेली.

मंगळवार, २२ डिसेंबर

बाबांचा फोन. पावणेपाच. आज काय म्हणतंय म्हणाले. मी म्हटलं, चोवीसला बघा. तर म्हणाले, बरं, आणि शेजारच्या नरेशभाऊंच्या मुलीचं लग्न कसं पन्नास माणसांत झालं ते सांगितलं. जेवण डब्यात भरून घरोघर पाठवलं म्हणे. मी दोनदा विषय कंट्रोलरवर आणायचा प्रयत्न केला.

चौतीस मिनिटं.

गुरुवार, २४ डिसेंबर. दुपारी ३.००

आजचा दिवस. पिशवीत ताजं गरम पाणी. कानटोपी वाळवून परत घातली. चिकटपट्टी नवी. प्रोग्रॅमची एकशे सहा वेळा चाचणी घेतली, लॅपटॉपवर, आत बसून. सगळं ठीक.

पद्मिनी नाइट करून आलीय, वर झोपलीय. पाचला उठून स्वयंपाक करणार. मी तिला सांगितलंय की उठशील तेव्हा खिडकीतून बघ फक्त.

संध्याकाळी ६.१५

झालं ते क्रमाने लिहितो.

४.४४: बाबा फोनवर. नवा शर्ट घातलेला. रात्री सव्वादहाला नवा शर्ट.

४.४५: स्विच टाकला. दिवे लागले. मी मोजलं, अकरा सेकंद टिकले. लालपर्यंत झालं होतं, हिरवा यायचा होता.

डब्यातून फुस्स असा आवाज. पिशवीचं बूच नीट बसलं नव्हतं. घराचा मेन ट्रिप. आख्खं घर काळं.

वरून पद्मिनीचा आवाज. ती काय म्हणाली ते इथे नको. स्वरांगीचा सिनेमा बंद. ओव्हनवरचं घड्याळ बंद.

फोन चालू होता. बाबांना स्क्रीनवर काहीच दिसत नसणार. मग म्हणाले, "गल्लीचे गेले का घराचेच?"

मी म्हटलं, घराचेच.

म्हणाले, "मग सुधारणा आहे."

पद्मिनीने अंधारात जाऊन मेन उचलला. मग फोन घेतला आणि दोघं बराच वेळ बोलत बसले, मी बाहेर वायरी सोडवत होतो. मला बोटं जाणवत नव्हती. वाईट वाटलं का? वाटलं. नव्या शर्टाचं वाटलं.

रविवार, २७ डिसेंबर

वादळ. काही करता आलं नाही. हा दिवस धरायचा नाही.

बुधवार, ३० डिसेंबर

उणे पाच. कंट्रोलर तीन दिवस हॉट प्रेसमध्ये वाळवला, चालू होतोय. शाबास रे कॅनडा. पण माळेची वायर थंडीने काठीसारखी ताठ झाली होती आणि मी ती जरा ओढली. जराच. वरचं प्लास्टिक तडकलं. आता एक चॅनेल गेला. आकाशकंदिलाचा खालचा भाग येणार नाही.

मुद्दा असा की मी थंडीवर पहिल्या दिवसापासून बोट ठेवलं होतं. धोक्यांच्या यादीत क्रमांक एक. माझं म्हणणं बरोबर ठरलंय.

बाबांचा फोन, पावणेपाच. आता रोजच येतो. मी त्यांना म्हटलं की तुम्ही झोपत जा, लागले की मी कळवीन. म्हणाले, लागले तर पाहायचं राहून जाईल ना. मग आई कंदिलाला बांबूच्या काड्या कशी बांधायची ते सांगायला लागले. मी म्हटलं, बाबा, आपण वायरबद्दल बोलत होतो. हो हो, म्हणाले.

एक्केचाळीस मिनिटं.

शुक्रवार, १ जानेवारी २०२१

नवीन वर्ष, पुन्हा कडक लॉकडाउन. संकल्प: सहा जानेवारीच्या आत दिवे लावायचे. नोरीनबाई सांगतात की सहाला सगळी सजावट उतरवतात, नंतर ठेवणं अपशकुनी. म्हणजे पाच दिवस आहेत. भरपूर.

शेवटी बाबांना विचारलं. म्हणजे मी नाही विचारलं, त्यांनी आपणहून सांगितलं. फोनवर सगळं ऐकून घेतलं, हॉट प्रेस, टॉवेल, गोधडी, कानटोपी, पिशवी. मग म्हणाले:

"थंडीनं नाही मरून राहिलं ते. तुझ्या लाडानं मरून राहिलं. गरमातून गारात नेला की आत पाणी धरते. चालू ठेवून दे, रात्रंदिवस. चालू राहिला की आपल्या गरमीनं आपणच कोरडा राहते. प्लास्टिकचा डबा घे, बुडाला भोक पाड, वायर खालून घाल. आणि मग हात काढ."

मी विचार केला. बाबांचा सगळा अनुभव नागपूरचा, म्हणजे चव्वेचाळीस अंशांचा. इथलं हवामान वेगळं आहे, ते त्यांना कसं कळणार. तरी मान ठेवावा म्हणून विचारलं की आईच्या स्टीलच्या डब्यालाच बुडाला भोक पाडलं तर?

म्हणाले, "त्याला नको पाडू."

मग मीच विचारलं की जेवलात का. पिठलं केलं होतं म्हणे. एकट्यासाठी पिठलं जास्तच होतं, दुसऱ्या दिवशी पण तेच खावं लागतं.

पंचेचाळीस मिनिटं.

सोमवार, ४ जानेवारी. सकाळी ११.४०

ऑफिसात चांगला दिवस. टीममधला विक्रांत एक सर्व्हर दर तासाला बंद करून पुन्हा चालू करत होता, काळजीपोटी. मी त्याला समजावलं की असं सतत बंद-चालू करू नये, निम्मे बिघाड त्यानेच होतात, स्थिर चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नये. सगळ्यांनी लिहून घेतलं.

दुपारी १२.०५: पिशवीचं पाणी बदललं. कंट्रोलर खाली आणला.
दुपारी १.१५: वर नेला.
दुपारी ३.५०: खाली आणला.
संध्याकाळी ४.४५: नाही लागला.

बाबा म्हणाले, "जाऊ दे. उद्या लागन." आवाजात निराशा अजिबात नव्हती, याचं मला आश्चर्य वाटलं. मी एवढा घाम गाळतोय, तर थोडी तरी असायला हवी.

बुधवार, ६ जानेवारी. संध्याकाळी ७.३०

सविस्तर लिहितो. हात ओले आहेत, अक्षर तसंच येणार.

आज इथे बायकांचा ख्रिसमस असतो. डिसेंबरभर राबल्याबद्दल आज बायकांनी काही करायचं नाही, घरातलं सगळं पुरुषांनी करायचं. सकाळी नोरीनबाईंनी कुंपणावरून पद्मिनीला ही प्रथा समजावून सांगितली, माझ्याकडे बघत. पद्मिनीला आठ दिवसांनी आज कुठे सुट्टी मिळाली होती. हॉस्पिटलात सध्या काय चाललंय ते ती घरी बोलत नाही. दारात बूट काढते आणि थोडा वेळ जिन्यावर बसून राहते, त्यावरून कळतं. मी म्हटलं, अवश्य, आज सगळं माझ्याकडे. मनातून जरा चिडलो होतो, कारण आज दिव्यांचा शेवटचा दिवस आणि मला चौथा प्लॅन राबवायचा होता.

खिचडी केली. खाली लागली, पण वरची चांगली होती. मग भांडी. भांड्यांत तो स्टीलचा डबाही होता. चिकटपट्टीचा डिंक सगळीकडे चिवट, आतून पिशवीच्या रबराचे काळे डाग. कंट्रोलर काढून पद्मिनीने सकाळीच ओट्यावर ठेवला होता आणि मला म्हणाली होती की आज डबा मूळ पदावर आणायचा.

सव्वाचार वाजता मी सिंकपाशी. बाहेर पोर्चमध्ये पद्मिनीचा आवाज, फोनवर बोलत होती. हो बाबा. दोन भोकं पाडलीत बाबा. खालूनच घातलीय. तडकलेली वायर काढून दुसरी जोडली. मला वाटलं, ती सहज गप्पा मारतेय. हातात साबण होता, जाऊन बघता येत नव्हतं. शिवाय आज तिने काम करायचं नव्हतं, तर ती काम करत असेल असं कसं वाटेल?

नोरीनबाईंचा जास्तीचा आइस्क्रीमचा डबा पण तिनेच आणला होता. नवऱ्याने घासायचा दिवस आणि बायकोने खिळे ठोकायचा दिवस असतो की काय, विचारलं पाहिजे.

४.४४: खिडकीच्या काचेवर पिवळा उजेड आला.

हात पुसत बाहेर गेलो. लागले होते. सगळे. पिवळे, स्थिर, लुकलुकत नव्हते. माझ्या चारशे ओळींच्या प्रोग्रॅममध्ये हा रंग कुठेच नव्हता. पद्मिनी म्हणाली की कंट्रोलरवर एक बटण आहे, नुसते दिवे लावायचं, ते दाबलं. आकाशकंदील दिसत होता. स्वरांगी म्हणाली, "इट्स लव्हली, आई." कॅबेज म्हणाली नाही.

रस्त्यावर बाकी सगळी घरं काळी. सगळ्यांनी सकाळीच उतरवले. एकतिसांत आज आपलंच एक लागलेलं.

पद्मिनीने फोन दिव्यांकडे धरला. बाबांनी पाहिलं. नवा शर्ट नव्हता, तोच स्वेटर. म्हणाले, लागले का. बरं. सूनबाईला म्हणाले, डोकं आहे. मग विचारलं, गिरीश कुठाय? पद्मिनीने सांगितलं की भांडी घासून राहिलाय. बाबांशी बोलताना ती नागपुरी बोलते, पुण्याची असून.

बाबा म्हणाले, दाखव.

तिने फोन स्वयंपाकघरात आणला. मी परत सिंकपाशी आलो होतो. अजून डबा राहिला होता. चिंच आणि मीठ लावून घासला, आई तसंच करायची. डिंक गेला, काळं गेलं. पाण्याखाली धरला तर नाव लख्ख दिसलं. सौ. रेवती बा. वैरागडे.

बाबांनी फोन डोळ्यांपाशी नेला असावा, कारण स्क्रीनवर फक्त त्यांचा चष्मा दिसत होता. बराच वेळ दिसला.

मग म्हणाले, "छान घासला रे."

तर नोंद करून ठेवतो. ६ जानेवारी २०२१, भारतीय वेळ रात्री साडेदहाच्या सुमारास, बाबा छान म्हणाले. संदर्भ: डबा.

मी विचारलं, आणि दिवे? म्हणाले, दिवे काय, दिवे लागतातच.

गुरुवार, ७ जानेवारी. संध्याकाळी ५.५०

सकाळी दिवे उतरवले. अपशकुन नको. पद्मिनी शिडीवर, मी खाली धरून. तांदूळ परत डब्यात भरले. कानटोपी धुतली, वाळत घातलीय. प्रोग्रॅम मिटवला नाही, पण फोल्डर बदललंय.

आता रोजनिशी थांबवायला हरकत नाही, कारण नोंदवण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून पावणेपाचला चहा घेऊन बसलो होतो.

पावणेपाचला फोन वाजला. नागपूर. सव्वादहा.

मला वाटलं, त्यांच्या लक्षात राहिलं नसेल. म्हटलं, बाबा, दिवे उतरवले आज. आता दाखवायला काही नाही.

म्हणाले, "माहीत आहे. बरं झालं. आता बस जरा."

बसलो.